ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरे

जलरंग कसे निवडावेत आणि ते कसे वापरावेत, याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण दिसते: रंग त्याच्या नावावरून घेतला जातो, त्यात काय आहे हे पाहून घेतला जात नाही. त्यामुळे त्या मुद्द्याला इथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मी दोन वर्षे विद्यार्थी दर्जाच्या रंगपेटीवर सराव करत आहे. कलावंत दर्जाचे रंग कितीतरी पटींनी महाग असतात. हा फरक चित्रात खरोखर दिसतो, की तो केवळ नावाचा आहे?

उत्तर : फरक खरा आहे आणि तो कशामुळे पडतो हे समजले की खर्च कुठे करावा हेही आपोआप कळते. जलरंगाची घडण मुळात साधी असते. अतिशय बारीक दळलेले रंगद्रव्य, ते कागदाला धरून ठेवणारा बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, रंग अगदी दगडासारखा वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा मध, बुरशी धरू नये म्हणून थोडे संरक्षक द्रव्य, आणि कागदावर पाणी चटकन पसरावे म्हणून काही कंपन्या घालतात ते बैलाचे पित्त, एवढाच हा मालमसाला. कलावंत दर्जाच्या रंगात रंगद्रव्याचे प्रमाण भरपूर ठेवलेले असते. विद्यार्थी दर्जात ते कमी करून त्या जागी डेक्स्ट्रिनसारखा भरणा घातला जातो, आणि कोबाल्ट किंवा कॅडमियमसारख्या महाग रंगद्रव्यांऐवजी स्वस्त पर्याय वापरले जातात. म्हणूनच विद्यार्थी दर्जाचे सगळे रंग साधारण एकाच किमतीला मिळतात, तर कलावंत दर्जाच्या ट्यूबवर ‘सिरीज १’, ‘सिरीज ४’ असे आकडे असतात आणि रंगद्रव्य जितके महाग तितका आकडा चढत जातो. सिरीज १ चा रंग कमी प्रतीचा असतो असा समज करून घेऊ नये; मातीपासून होणारे उत्तम टिकाऊ रंग बहुधा याच गटात सापडतात.

हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर दोन्ही दर्जांचा एकच रंग काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढा घ्यावा, त्यात सारखेच पाणी घालावे आणि कोरड्या कागदावर कुंचला एका दमात ओढत न्यावा. भरणा असलेला रंग लवकर फिका पडतो, आणि वाळल्यावर त्यावर दुसरा थर दिला की खालचा थर किंचित दुधाळ दिसू लागतो. चांगला रंग लांबवर जातो, आणि दोन-तीन थरांनंतरही खालच्या कागदाचा उजेड त्यातून वर येत राहतो. जलरंगाचे सगळे सौंदर्य या उजेडात असल्यामुळे हा फरक मी किरकोळ मानत नाही.

तरीही आपल्याला पहिला सल्ला देईन तो रंगांचा नव्हे, कागदाचा. शंभर टक्के सुती, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) कागद आणि विद्यार्थी दर्जाचे रंग यांतून जे साधते, ते लाकडाच्या लगद्याच्या पातळ कागदावर सर्वांत महाग रंग वापरूनही साधत नाही. सुती कागदाला आतून-बाहेरून जिलेटिनची किंवा तशाच द्रव्याची खळ दिलेली असते. त्यामुळे पाणी कागदावर थोडा वेळ थांबते, रंग हलवायला सवड मिळते आणि चुकलेला भाग ओल्या कुंचल्याने उचलताना कागदाचे लव उठत नाहीत. कागद बदलल्यानंतर रंग एकेक करून बदलावेत. जो रंग आपल्या पेटीत सर्वांत आधी संपतो, त्याचीच कलावंत दर्जाची ट्यूब आधी घ्यावी.

प्रश्न : माझ्याकडे दोन कंपन्यांचे ‘बर्न्ट सिएना’ नावाचे तपकिरी रंग आहेत. एक केशरीकडे झुकणारे आणि पारदर्शक आहे, दुसरे काळपट आणि रवाळ आहे. अल्ट्रामरिन या निळ्या रंगात मिसळले की दोन्हींचे राखाडी रंग वेगळे येतात. नाव एकच असताना असे का होते? ट्यूबवर नेमके काय वाचावे?

उत्तर : ट्यूबच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने ठेवलेले नाव. आत काय आहे ते मागच्या बाजूला, बहुधा डोळे ताणून वाचावे लागेल अशा अक्षरांत छापलेले असते. आपल्या दोन्ही ट्यूबा उलट्या करून पाहा. काळपट, रवाळ रंगावर ‘पीबीआर ७’ असण्याची शक्यता अधिक आहे, म्हणजे ती भाजलेली नैसर्गिक माती आहे. केशरी, पारदर्शक रंगावर ‘पीआर १०१’ असेल, म्हणजे तो कारखान्यात तयार केलेला लोहाचा ऑक्साइड आहे. दोन्ही टिकाऊ आहेत, दोन्ही उपयोगी आहेत, पण ते दोन वेगळे पदार्थ आहेत आणि मिश्रणात ते वेगळेच वागणार.

हे संकेत ‘कलर इंडेक्स’ या आंतरराष्ट्रीय सूचीतले असतात. पहिले अक्षर ‘पी’ म्हणजे पिग्मेंट, अर्थात रंगद्रव्य. त्यापुढचे अक्षर रंगाचे कुळ सांगते, जसे वाय म्हणजे पिवळा, ओ म्हणजे नारिंगी, आर म्हणजे तांबडा, व्ही म्हणजे जांभळा, बी म्हणजे निळा, जी म्हणजे हिरवा, बीआर म्हणजे तपकिरी, बीके म्हणजे काळा आणि डब्ल्यू म्हणजे पांढरा. आणि शेवटचा आकडा त्या कुळातले विशिष्ट द्रव्य दाखवतो. अल्ट्रामरिन म्हणजे पीबी २९, कोबाल्ट निळा म्हणजे पीबी २८, थॅलो निळा म्हणजे पीबी १५, यलो ऑकर म्हणजे पीवाय ४३ किंवा पीवाय ४२. एवढे चार-पाच संकेत पाठ झाले तरी दुकानात उभे राहून निवड करणे पुष्कळ सोपे होते.

काही नावे तर निव्वळ आठवणीपुरती उरली आहेत. ‘सॅप ग्रीन’ पूर्वी बकथॉर्न नावाच्या झुडपाच्या फळांच्या रसापासून करत आणि तो रंग उन्हात उडत असे. आज या नावाने मिळतो तो हिरव्या आणि पिवळ्या किंवा तपकिरी रंगद्रव्यांचा मेळ, आणि प्रत्येक कंपनीचा मेळ निराळा. ‘क्विनाक्रिडोन गोल्ड’ हा अनेक निसर्गचित्रकारांचा जीव की प्राण असलेला रंग मुळात पीओ ४९ या एकाच द्रव्याचा होता. त्या द्रव्याचे उत्पादन बंद पडले आणि आता त्या नावाखाली बहुतेक ठिकाणी दोन-तीन रंगद्रव्यांचे मिश्रण विकले जाते. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ द्रव्य आत नाही, फक्त त्याच्यासारखी छटा जमवली आहे असे समजावे. ‘ह्यू’ म्हणजे फसवणूक असे मात्र नाही. ‘अलिझरिन क्रिमझन ह्यू’ हा अस्सल अलिझरिनपेक्षा सहसा अधिक टिकाऊ असतो, कारण तो मुद्दाम टिकाऊ द्रव्यांपासून जुळवलेला असतो.

संकेतालाही मर्यादा आहेत, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. पीव्ही १९ हे एकच रासायनिक द्रव्य, पण त्याचे स्फटिक कसे घडवले आहेत त्यावरून ते स्वच्छ गुलाबीही निघते आणि जांभळेही. पीआर १०१ केशरी पारदर्शकापासून जांभळट अपारदर्शकापर्यंत कुठेही असू शकते. त्यामुळे संकेत वाचून स्वभाव ओळखावा आणि छटा मात्र कागदावर रंग लावूनच ठरवावी. संकेतांशेजारी छोटा चौकोन असतो, तोही पाहावा: चौकोन रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक. ज्या ट्यूबवर रंगद्रव्याचा संकेतच छापलेला नाही, ती ट्यूब मी घेत नाही. नाव कितीही मोठे असो.

द्रव्य वेगळे असले की हाताखाली काय घडते, हे अल्ट्रामरिन आणि थॅलो यांच्याकडे पाहून चांगले कळते. खडबडीत कागदावर अल्ट्रामरिनचा पाणीदार थर द्यावा, कागद सपाट ठेवावा आणि काही न करता पाहत राहावे. पाच-सात मिनिटांत त्याचे कण एकमेकांना धरून कागदाच्या खळग्यांत उतरू लागतात, उंचवटे फिके होतात आणि सगळा भाग तुपासारखा रवाळ दिसू लागतो. पावसाळी आभाळ, जुनी भिंत, खडक यांसाठी हा रवाळपणा आयताच उपयोगी पडतो. थॅलोचे कण इतके बारीक असतात की ते कागदाच्या तंतूंत मुरतात. थर काचेसारखा गुळगुळीत येतो, पण वाळल्यावर ओल्या कुंचल्याने घासून टिपला तरी निळा डाग मागे राहतोच. ज्या जागी पुढे उजेड काढायचा आहे, तिथे मुरणारा रंग आधी लावू नये. आपल्या पेटीतल्या प्रत्येक रंगाची अशी एक पट्टी करून ठेवावी: एका टोकाला गडद, दुसऱ्या टोकाला फिकी, आणि वाळल्यावर मधोमध ओल्या कुंचल्याने एक रेघ उचललेली. शेजारी संकेत लिहावा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी केलेल्या माझ्या गुलाबांच्या चित्रातला गुलाबी रंग जवळजवळ नाहीसा झाला आहे, पाने आणि सावल्या मात्र तशाच आहेत. चित्र काचेच्या फ्रेममध्ये होते. माझे काय चुकले?

उत्तर : आपले दुःख मी समजू शकतो, कारण माझ्याही एका चित्रात पाकळ्यांच्या निळसर सावल्या उरल्या आणि पाकळ्याच गेल्या. चित्रकलेत आपले काही चुकलेले नाही. निवडलेला गुलाबी रंग उन्हापुढे टिकणारा नव्हता. तैलरंगात रंगद्रव्य तेलाच्या जाड पडद्यात बसलेले असते. जलरंगाचा थर अतिशय पातळ आणि कण जवळजवळ उघडे, त्यामुळे प्रकाशाचा मारा त्यांच्यावर थेट होतो. साधी काच धूळ आणि दमट हवा अडवते, पण दृश्य प्रकाश आणि अतिनील किरणांचा बराच भाग आत येऊ देतो.

ही जुनीच व्यथा आहे. विन्स्लो होमर या अमेरिकी चित्रकाराने १८८७ साली रंगवलेल्या एका शेतकरी मुलाच्या जलरंगचित्रातले आकाश आज कोरे, पांढुरके दिसते. ते चित्र ज्यांच्या संग्रही आहे त्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील तपासणीत असे आढळले, की तिथे मुळात सूर्यास्ताचे तांबडे-केशरी रंग होते. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८८ साली, रसेल आणि अ‍ॅबनी या दोघांचा जलरंगांवर प्रकाशाच्या होणाऱ्या परिणामाविषयीचा अहवाल ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला आणि कोणते रंग उडतात याची चर्चा उघडपणे सुरू झाली.

आज संशय घ्यावा अशी गुलाबी-तांबड्या कुळातली द्रव्ये म्हणजे अस्सल अलिझरिन क्रिमझन, अर्थात पीआर ८३; मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून होणारा अस्सल रोझ मॅडर, ज्याचा संकेत एनआर ९ आहे (इथे ‘पी’ऐवजी ‘एन’, म्हणजे नैसर्गिक); आणि डोळे दिपवणारा ‘ऑपेरा’ गुलाबी. शेवटच्या रंगात बहुधा एक चमकणारे रंजक मिसळलेले असते. ते आधी उडते आणि मागे साधा गुलाबी उरतो. पिवळ्यांत ‘ऑरिओलिन’, म्हणजे पीवाय ४०, फिक्या थरात मळकट होतो. या सर्वांऐवजी गुलाबांसाठी पीव्ही १९ ची गुलाबी छटा घ्यावी. क्विनाक्रिडोन कुळातली ही द्रव्ये १९५८ च्या सुमारास बाजारात आली आणि टिकाऊ गुलाबी रंगाची चित्रकारांची जुनी चणचण त्यांनी बऱ्याच अंशी दूर केली.

ट्यूबवर टिकाऊपणाची खूणही असते. अमेरिकी एएसटीएम मानकाप्रमाणे पहिली आणि दुसरी श्रेणी चित्रासाठी योग्य, तिसरी आणि त्याखालच्या श्रेणी टाळाव्यात. काही कंपन्या निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी तुलना करून १ ते ८ असे गुण देतात. तिथे ८ सर्वोत्तम. या दोन मोजपट्ट्या उलट दिशांनी चालतात हे लक्षात ठेवावे, नाहीतर ‘१’ हा आकडा पाहून नेमका उलटा अर्थ घेतला जातो. काही कंपन्यांची तारांकनाची स्वतःची पद्धत असते. अशा वेळी द्रव्याचा संकेत पाहणे अधिक भरवशाचे.

याहून भरवशाची म्हणजे स्वतः केलेली चाचणी. रंगांच्या पट्ट्या काढून त्या लांबीच्या दिशेने मधोमध कापाव्यात, एक भाग वहीत मिटून कपाटात ठेवावा आणि दुसरा उन्हाच्या खिडकीत आतल्या बाजूने चिकटवावा. मागे तारीख टाकावी. तीन महिन्यांनी दोन्ही भाग शेजारी ठेवले की कोणत्या रंगावर विसंबावे ते दिसते. यात गडद भागापेक्षा फिका भाग जास्त बारकाईने पाहावा, कारण उडणे तिथेच आधी सुरू होते.

प्रश्न : अठ्ठेचाळीस रंगांची पेटी घ्यावी, की मोजकेच रंग? मोजके घ्यायचे तर कोणते?

उत्तर : मोजके. माझी शिफारस सहा रंगांची आहे आणि सहाही एकेका रंगद्रव्याचे आहेत: स्वच्छ पिवळा पीवाय १५४, गुलाबी पीव्ही १९, अल्ट्रामरिन पीबी २९, थॅलो निळा पीबी १५, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना यांतून थंड-उष्ण अशा राखाडी रंगांची अख्खी मालिका मिळते, अगदी काळ्यापर्यंत. म्हणून काळी ट्यूब लागत नाही. थॅलो आणि पिवळा यांतून तजेलदार हिरवे होतात, त्यांत कणभर बर्न्ट सिएना घातले की ते झाडांवर शोभतात. गुलाबी आणि अल्ट्रामरिन मिळून जांभळे देतात. थॅलो फार जोरकस असतो, तेव्हा नेहमी पिवळ्यात थॅलो घालावा, थॅलोत पिवळा नव्हे. एरवी निम्मी ट्यूब पिवळा ओतूनही तो निळाच राहतो. भडक तांबडा हवा असेल तर तो मात्र सातवा म्हणून वेगळा घ्यावा, कारण गुलाबी आणि पिवळा यांचे मिश्रण तिथवर पूर्ण पोहोचत नाही.

पांढऱ्याबद्दल बरेच जण विचारतात. जस्तापासून केलेला ‘चायनीज व्हाइट’ १८३४ पासून मिळतो आणि अखेरच्या बारीक ठिपक्यांना तो उपयोगी पडतो. रंग फिका करण्यासाठी मात्र पाणीच वापरावे.

प्रश्न : चांगले रंग घेऊनही माझी मिश्रणे गढूळ होतात, आणि वाळल्यावर चित्र निस्तेज दिसते.

उत्तर : आधी आपल्या ट्यूबा उलट्या करा. एका ट्यूबमध्ये तीन रंगद्रव्ये आणि दुसरीत तीन असतील, तर आपण दोन रंग मिसळत आहोत असे वाटते, पण प्रत्यक्षात सहा मिसळत असता, आणि त्यांत तांबडे, पिवळे, निळे असे सगळेच आले की मातकट रंग ठरलेला.

ट्यूबांमध्ये काही सापडले नाही, तर दोष बहुधा वेळेचा असतो. ओला थर चमकत असतो तोवर त्यात दुसरा रंग खुशाल सोडावा. चमक उतरली, पण कागद बोटाला अजून गार लागतो, अशी एक मधली अवस्था असते. त्या वेळी कुंचला लावला की खालचा अर्धवट बसलेला रंग उखडतो आणि वरच्यात कालवला जातो. त्यातून कुंचल्यात पाणी जास्त असेल, तर ते कमी ओल्या भागाकडे धावते, रंगाचे कण पुढे ढकलते आणि कडा फुललेला डाग उमटतो. या अवस्थेत हात मागे घ्यावा. कागदाचा गारवा गेला की पुढचा थर एका दमात द्यावा, घासू नये.

वाळल्यावर जलरंग फिका होतो, ही त्याची प्रकृतीच आहे. मिश्रण करताना ते हवे त्याहून गडद ठेवण्याची सवय लागायला काही चित्रे खर्ची पडतात. शेजारी त्याच कागदाचा तुकडा ठेवून त्यावर आधी लावून, वाळवून पाहावे. कुंचला धुण्यासाठी एक आणि रंगात घालण्यासाठी एक अशी पाण्याची दोन भांडीही हवीतच.

प्रश्न : ट्यूब घ्याव्यात की वड्या? माझ्या दोन ट्यूबा पूर्ण वाळून गेल्या आहेत, त्या टाकून द्याव्यात का?

उत्तर : टाकू नका. ट्यूब पात्याने उभी चिरा, वाळलेला गोळा काढून रिकाम्या पॅनमध्ये, म्हणजे वडीच्या छोट्या डबीत, दाबा, वर पाण्याचे चार थेंब घाला आणि रात्रभर ठेवा. डिंक पुन्हा पाण्यात विरघळतो, हा जलरंगाचा गुणच आहे. बाहेर बसून छोटी चित्रे काढणाऱ्याला वड्या सोयीच्या, मोठे आकाश रंगवणाऱ्याला ट्यूब, कारण वडी घासून एवढा रंग काढताना कुंचल्याचे टोक झिजते. ट्यूबमधून रंगाऐवजी नुसता चिकट पिवळसर द्रव आला, तर तो वर आलेला डिंक असतो. टाचणीने आत ढवळून घ्यावे. पॅन ट्यूबमधून भरायचे असतील तर दोन-तीन थरांत भरावेत, एकदम भरले तर मधोमध भेग पडते.

प्रश्न : कॅडमियमचे रंग विषारी असतात असे ऐकले. ते वापरावेत का?

उत्तर : प्रौढ व्यक्तीने कागदावर कुंचल्याने लावण्यात मोठा धोका नाही, धोका रंग पोटात किंवा श्वासातून जाण्यात आहे. कुंचल्याचे टोक ओठांनी काढण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. रंग फवाऱ्याने उडवू नये, वाळलेला थर घासून त्याची भुकटी करू नये आणि रंगवताना खाऊ नये. कोबाल्टच्या रंगांनाही हेच लागू आहे. लहान मुले ज्या पेटीला हात लावणार असतील त्या पेटीत हे रंग ठेवूच नयेत. तिथे आजचे सेंद्रिय पिवळे आणि तांबडे पर्याय घ्यावेत, ते पारदर्शकही अधिक असतात. कुंचला धुतलेल्या पाण्याचा गाळ रात्रभर खाली बसू द्यावा, वरचे पाणी निराळे करावे आणि तळाचा गाळ कागदाने टिपून बाजूला काढावा.